आधी निवाडा, मग पत्री : क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या चरित्राला प्रस्तावना

१९६७च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४५ जागांपैकी ३७ काँग्रेसकडे गेल्या. त्या वर्षी मद्रासेत, बंगालात आणि उत्तरेतल्या राज्यांत काँग्रेसचे पाय डळमळले, पण महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाणांनी बसवलेली घडी फारशी विस्कटली नाही. जे मोजके बुरूज ढासळले त्यांत एक बीडचा होता. तिथून कम्युनिस्ट पक्षाच्या विळा-कणसाच्या खुणेवर निवडून आलेला माणूस बीडचा नव्हता, मराठवाड्याचाही नव्हता. कृष्णाकाठच्या वाळवे तालुक्यातले येडेमच्छिंद्र हे त्याचे गाव. वय सहासष्ट, डोक्याला फेटा, शिक्षण बेताचे, भाषा चावडीवरची. नाना रामचंद्र पाटील, ज्यांना लोकांनी ‘क्रांतिसिंह’ म्हटले. दहा वर्षांपूर्वी, १९५७ मध्ये, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ते साताऱ्यातून लोकसभेवर गेले होते. त्यात नवल नव्हते, ती त्यांचीच माती. पण गोदावरी आणि मांजरेच्या मधल्या, बालाघाटच्या डोंगरांनी अडवलेल्या, जेमतेम वीस वर्षांपूर्वीपर्यंत निजामाच्या अमलात असलेल्या जिल्ह्याने त्यांना आपला खासदार का केले, हा प्रश्न सहसा एका ओळीत उरकला जातो. ही प्रस्तावना त्या एका ओळीपाशी थांबण्यासाठी लिहिली आहे.

नानांची जी प्रतिमा आज शिल्लक आहे ती फार ठसठशीत आहे, आणि तेच तिचे वैगुण्य आहे. पोलिसांना जवळपास चार वर्षे न सापडलेला वाघ, सरकारी खजिने लुटणारी पोरे, गद्दाराच्या तळपायाला ठोकलेली पत्री. पुतळ्यांना आणि पोवाड्यांना एवढे पुरते. पण या चित्रात माणसाचे मधले वय तेवढे दिसते. त्याच्या आधीचा तलाठी दिसत नाही, नंतरचा खासदार दिसत नाही, आणि मधल्या वयातही बंदूक दिसते, पण ती बंदूक ज्याच्या दारावर पहारा देत होती ते प्रतिसरकारचे, म्हणजे साताऱ्यातल्या भूमिगतांनी इंग्रजी राज्याला समांतर चालवलेल्या कारभाराचे, न्यायदान मंडळ दिसत नाही. माझे म्हणणे असे की नानांच्या आयुष्याचा कणा न्यायनिवाडा हा आहे. प्रतिसरकारची तुफान सेना त्या निवाड्याची शिपाई होती. लोकसभा हा तोच निवाडा मोठ्या चावडीत नेण्याचा प्रयत्न होता, आणि तो पुष्कळसा अपुरा राहिला. बीड जिल्ह्याच्या वाट्याला नेमका तो अपुरा भाग आला, म्हणून बीडच्या वाचकाने हे चरित्र वेगळ्या नजरेने वाचायला हवे.

वकील, लोकसेनेचा अधिकारी आणि कायदेमंडळाचा सभासद या तीन भूमिका एकाच माणसात येणे इतिहासाला नवे नाही. अमेरिकेच्या पहिल्या पिढीत तर ती जवळजवळ रीतच होती. न्यू हॅम्पशरचा जॉन सुलिव्हन हा त्या साच्याचा चोख नमुना. डरहॅम या छोट्या गावात तो एकटा वकील. कर्जबुडव्यांच्या जमिनी जप्त करण्याचे इतके दावे त्याने लावले की १७६६ मध्ये शेजाऱ्यांनी त्याला मारण्याची धमकी दिली. १७७२ मध्ये तो लोकसेनेचा मेजर झाला, १७७४ मध्ये वसाहतींच्या पहिल्या काँग्रेसचा प्रतिनिधी झाला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात इंग्रजांच्या किल्ल्यावरची बंदुकीची दारू लुटणाऱ्यांत तो होता. पुढे सेनापती म्हणून १७७९ मध्ये त्याने इरोक्वा लोकांची किमान चाळीस गावे जाळली. १७८६ मध्ये तो आपल्या राज्याचा प्रमुख असताना कर्जाने पिचलेले शेतकरी हत्यारे घेऊन कायदेमंडळाला घेरून बसले, तेव्हा याच सुलिव्हनने लोकसेना बोलावून त्यांना पांगवले. तीन वर्षांनी वॉशिंग्टनने त्याला न्यायाधीश नेमले. या माणसाला स्वातंत्र्यवीर म्हणायचे तर म्हणावे, तो होताही. पण त्याच्या तिन्ही टोप्या एकाच खुंटीवरच्या होत्या, आणि ती खुंटी सावकाराच्या भिंतीत ठोकलेली होती. कायदा येणाऱ्याचा कायदा, हत्यार देणाऱ्याचे हत्यार, मत असणाऱ्याची सभा. कर्जदार कुळ तिन्हींच्या बाहेर उभे.

नानांची खुंटी वेगळ्या भिंतीत होती. ते वकील नव्हते, आणि इथे पहिला आक्षेप येणारच: ज्याने सनद घेतली नाही, ज्याने कलम वाचले नाही, त्याला कायद्याच्या माणसांत कसे बसवता? उत्तर त्यांच्या पहिल्या नोकरीत आहे. १९३०च्या कायदेभंगात उडी घेण्यापूर्वी नाना तलाठी होते. पुस्तकी कायदा वकिलाला ठाऊक, पण जमिनीचा खरा कायदा तलाठ्याच्या दप्तरात असतो. खाते कुणाच्या नावावर, कसतो कोण, बांध कुणी कोरला, बापाच्या पश्चात नोंद धाकट्याच्या नावावर कशी गेली, गहाणखत कधी झाले आणि ते खरेदीखत कसे बनले, ही सगळी गावाची कुंडली त्याच्या हाताखालून जाते. एका फेरफाराच्या नोंदीत विधवेचा संसार उठतो, आणि तो उठवणारी शाई सरकारी असते. अन्याय बेकायदा असतो हा सुशिक्षितांचा समज आहे. अन्याय बहुतेक वेळा रीतसर, सहीशिक्क्याचा असतो, हे तलाठ्याला पहिल्या वर्षात कळते. सत्यशोधक चळवळीची हवा साताऱ्याच्या खेड्यांत त्याआधीपासून खेळत होती. तिने ब्राह्मण आणि सावकार यांच्याविषयीची चीड दिली. कागदाची ताकद कुठे असते हे मात्र नानांनी दप्तरातून शिकले असणार.

हा कागद महाराष्ट्रात जुना वैरी होता. १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते ओढून काढली आणि जाळली. ते लोण अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे बीडच्या उंबऱ्यापर्यंत पोचले. लोकांनी सावकारांना फारसे मारले नाही, कागद मारले. सरकारला त्यातून १८७९चा दख्खन शेतकरी कायदा करावा लागला, म्हणजे कागदाच्या दंग्याला कागदानेच उत्तर मिळाले. सुलिव्हनच्या शेजारी, मॅसेच्युसेट्सच्या पश्चिम भागात, १७८६-८७ मध्ये डॅनियल शेज नावाच्या माजी कप्तानाच्या मागे जमलेल्या शेतकऱ्यांनी न्यायालयांचे दरवाजे अडवले. कोर्ट भरलेच नाही तर जप्तीचा हुकूम निघणार नाही, इतका साधा हिशोब. एकीकडे कोर्ट बंद पाडले, दुसरीकडे कागद जाळले. दोन्ही ठिकाणी शेतकऱ्याची बुद्धी आणि धैर्य दिसते, पण दोन्ही ठिकाणी त्याच्या हाती दुसऱ्या दिवशी काही उरले नाही. सातारा जिल्ह्याने १९४३ ते १९४६ या काळात तिसरी गोष्ट केली. तिथल्या शेतकऱ्यांनी स्वतःचे कोर्ट उघडले. मला हा फरक प्रतिसरकारच्या साऱ्या धाडसकथांहून मोठा वाटतो.

ते कोर्ट आकाशातून पडले नाही. ऑगस्ट १९४२ नंतर सातारा जिल्ह्यात तालुका कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ३ सप्टेंबरला तासगावात जमावाने कचेरीवर तिरंगा लावला, मामलेदाराच्या डोक्यावर गांधी टोपी चढवली, आणि रक्त सांडले नाही. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, नऊ माणसे गेली. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात दोघे गेले. कचेरी ताब्यात घेऊन राज्य मिळत नाही हा धडा त्या आठवड्यात मिळाला. मग भूमिगतांनी कचेरीचा नाद सोडून कचेरीच निरर्थक करायचे ठरवले. कुंडल हे प्रतिसरकारचे मोठे केंद्र होते, आणि कुंडल इंग्रजी मुलखात नव्हते. ते औंध संस्थानात होते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये प्रजेला राज्यघटना दिली होती आणि गावपंचायतींकडे न्यायदानाचे काम सोपवले होते. म्हणजे गावाने गावातच खटला ऐकावा ही कल्पना त्या मुलखात चार वर्षे रुळलेली होती. राजाने वरून दिलेली वस्तू बंडखोरांनी खालून उचलली. इतिहासात अशा उसनवाऱ्या पुष्कळ होतात, त्या कबूल केल्याने कुणाचे मोठेपण उणावत नाही.

न्यायदान मंडळाचे काम कसे चाले ते नीट पाहण्यासारखे आहे. जागा देवळाची नाही तर मळ्यातली, वेळ बहुधा रात्रीची. स्टँप नाही, कोर्ट फी नाही, पुढची तारीख नाही. वादी, प्रतिवादी आणि दोघांनाही लहानपणापासून ओळखणारे गाव एकाच सतरंजीवर. इंग्रजी कोर्टात साक्षीदार खोटे बोलला तर ते उलटतपासणीत सापडावे लागे. इथे तो बोलू लागताच मागून कुणीतरी खाकरे. जमिनीचे, गहाणाचे, भाऊबंदकीचे, टाकून दिलेल्या बायकांचे, दारूभट्ट्यांचे वाद त्यांच्यापुढे येत. सावकाराने गिळलेल्या जमिनी परत देववल्या गेल्या. लग्नातल्या उधळपट्टीने गाव कर्जात जाते हे ओळखून हार घालून, थोडक्या खर्चात ‘गांधी विवाह’ लावले गेले. सत्यशोधकांच्या भटाविना लग्नाला हे नवे नाव. सुमारे दीडशे गावांत या ना त्या रूपात हा कारभार चालला. इंग्रजांचे कोर्ट त्या काळात बंद नव्हते. इस्लामपूरला, कराडला, साताऱ्याला ते रोज भरत होते. लोक तिकडे जायचे कमी झाले, यातच प्रतिसरकारचा विजय होता.

आता पत्री. ‘प्रति’चे ‘पत्री’ झाले ते लोकांच्या जिभेवर, आणि त्या अपभ्रंशाला शिक्षेचा अर्थ चिकटला. बैलाला पत्री मारताना ज्याने पाहिले आहे त्याला या शब्दाचा धसका वेगळा सांगावा लागत नाही. बैलाला दोरीने पाडतात, चारी पाय एकत्र जखडतात, एक माणूस मानेवर बसतो. नालबंद खूर तासून सपाट करतो. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला लोखंडाच्या दोन पत्र्या. प्रत्येकीला बारीक खिळे, तिरपे ठोकलेले, जरा आत गेले तर बैल लंगडा. माणसाला खरोखर लोखंड ठोकल्याच्या कथा बहुतेक ऐकीव आहेत. प्रत्यक्षात पाय बांधून तळव्यांवर काठीचे फटके देत, आणि नाव पत्रीचे घेत. तेवढ्यानेही माणूस दिवसेंदिवस चालू शकत नसे. दरोडेखोर, पोलिसांचे खबरे, गुंड यांना ही शिक्षा झाली, आणि काही वेळा शिक्षा याहूनही कडक झाली.

इथला आक्षेप गंभीर आहे आणि तो भक्तिभावाने झटकून टाकता येणार नाही. ज्या न्यायाला अपील नाही, ज्यात न्याय देणारा आणि फटके मारणारा एकाच टोळीचा आहे, तो न्याय कसला? खबऱ्या ठरवलेला प्रत्येक माणूस खबऱ्याच होता का? जुन्या वैराचा सूड काही ठिकाणी तरी निवाड्याच्या पांघरुणाखाली उगवला नसेल का? उगवला असेल, असे मी म्हणतो. गुप्तपणे चालणाऱ्या कुठल्याही सत्तेत ते घडते, आणि ज्याच्या तळव्यांवर चुकून काठी पडली त्याला आपण स्वातंत्र्याची किंमत म्हणून गप्प करू शकत नाही. पण आक्षेप घेणाऱ्यानेही तराजूच्या दुसऱ्या पारड्यात त्या काळचे सरकारी कोर्ट ठेवावे. तिथे अपील होते, पण ते साताऱ्याला नाहीतर मुंबईला होते आणि वकिलाच्या फीपलीकडे होते. शिवाय एक गोष्ट विसरली जाते. प्रतिसरकारने नुसते मारले असते तर लोकांनी त्याला दरोडेखोरांच्या यादीत टाकले असते, कारण त्या मुलखात टोळ्यांची वाण नव्हती, आणि १९४२ नंतरच्या गोंधळात त्यांनी उच्छाद मांडलाच होता. काठी दोघांकडेही होती. गावकऱ्यांनी एकाच्या जेवणाची सोय केली आणि दुसऱ्याला धरून दिले, ते काठीच्या आधी काय झाले हे पाहून. आधी निवाडा झाला होता, गावासमोर झाला होता, आणि गावाने तो ऐकला होता.

दुसरा आक्षेप श्रेयाचा. प्रतिसरकार हे एकट्या नानांचे नव्हते. जी. डी. बापू लाड आणि नाथाजी लाड कुंडलचे, नागनाथअण्णा नायकवडी वाळव्याचे, किसन वीर वाईकडचे, पांडू मास्तर, बर्डे मास्तर. शेणोलीची रेल्वे आणि धुळे जिल्ह्यातल्या चिमठाण्याचा खजिना लुटणारे हात बहुतेक तरुणांचे होते, नाना तेव्हा चाळिशी ओलांडलेले. हे सारे खरे. मग नानांकडे काय होते? त्यांच्याकडे भाषा होती. कायदा, स्वराज्य, हक्क हे शब्द त्यांनी नांगर, खळे, पाटाचे पाणी, सासुरवास यांच्या बोलीत आणले, आणि ज्या न्यायदान मंडळाला ना कायद्याचा आधार होता ना पोलिसांचा, त्याचा सारा आधार अशा बोलण्यावर उभा होता. निवाडा मान्य करायला लोकांना पटवणारा माणूस लागतो. बंदूक फार तर निवाडा पाळायला लावते. या अर्थाने नाना त्या कोर्टाचे वकीलच होते, फक्त त्यांचे अशील एकटेदुकटे नसून गाव होते.

आता बीड. मराठवाड्यात सुलिव्हनच्या साच्याची माणसे नव्हती असे नाही. हैदराबादच्या मुक्तिलढ्यात वकिलांची फळी मोठी होती. रझाकारांच्या धुमाकुळात बॅरिस्टर विनायकराव विद्यालंकारांच्या पुढाकाराने वकिलांनी कोर्टांवर बहिष्कार घातला, आणि पुढे विनायकराव हैदराबादचे मंत्री झाले. शेजारच्या उस्मानाबादचे उद्धवराव पाटील हे लढ्यातले, वकील, आणि नंतर शेतकरी कामगार पक्षाचे विधिमंडळातले खणखणीत नेते. बीडच्या सीमेवरही १९४७-४८ मध्ये नगरकडून कॅम्प चालले, करोडगिरीचे नाके जाळले गेले, शिंदीची झाडे पाडली गेली. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ आणि बाबासाहेब परांजपे यांनी शाळेच्या आडून माणसे घडवली, आणि १९५२च्या पहिल्या निवडणुकीत बीडने परांजप्यांनाच लोकसभेवर पाठवले, तेही काँग्रेसविरोधी पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटकडून. तेव्हा बीडच्या वाचकाची तक्रार असू शकते की घरची माणसे सोडून साताऱ्याच्या माणसाचे कौतुक कशाला. तक्रार रास्त आहे. परांजप्यांचे सविस्तर चरित्र व्हायलाच हवे. पण १९५२चा हा निकाल लक्षात घेतला की १९६७चा निकाल अपघात उरत नाही. डावीकडे झुकण्याची वाट या जिल्ह्यात पंधरा वर्षे आधीच मळलेली होती.

न्यायाच्या बाबतीत बीडचे दुखणे साताऱ्याहून वेगळे आणि काहीसे खोल होते. निजामाच्या अदालतीत कामकाज उर्दूत चाले. फिर्याद, दावा, वकील, जामीन, हुकूम हे शब्द मराठी माणसाच्या कानाला परके नव्हते, ते शिवकाळापासून आपल्या बोलीत आहेत. पण कागदावर आले की ते उजवीकडून डावीकडे धावत. गेवराईच्या किंवा पाटोद्याच्या शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा निकाल वाचता येत नसे, तो वाचून दाखवणाऱ्यालाही पैसे द्यावे लागत, आणि वाचणारा खरे वाचतो की नाही हे अल्लाच जाणे. साताऱ्यात कायदा महाग होता, बीडमध्ये तो महाग होता आणि मुकाही होता. गावात पटवारी आणि पाटील वतनदार, वर देशमुख, त्यावर तहसील. १९४८च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, १९५० मध्ये कूळकायदा झाला, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. लिपी बदलली. पटवाऱ्याचे दप्तर तेच, आणि पुष्कळ ठिकाणी पटवारीही तोच. अशा मुलखात चावडीच्या भाषेत कायद्याबद्दल बोलणारा, स्वतः कधीकाळी तलाठी असलेला म्हातारा येतो आणि दप्तरात काय दडलेले असते ते सांगतो, हे लोकांच्या मनाला भिडले नसते तरच नवल.

यावर राजकारणाचा अभ्यासक म्हणेल की हे सारे काव्य आहे. १९६७ला काँग्रेसबद्दल नाराजी होती, दुष्काळी वर्षे होती, धान्य महाग होते, कम्युनिस्ट पक्षाची जिल्ह्यात शेतमजुरांत आणि कुळांत बांधणी होती, आणि निवडणुका गणिताने जिंकल्या जातात. त्यातले बहुतेक मला मान्य आहे. पक्षाच्या बांधणीशिवाय कुणी साताऱ्याहून येऊन बीडमध्ये निवडून येत नाही. पण नाराजी तर शेजारच्या जिल्ह्यांतही होती, दुष्काळ तर जिल्ह्याची हद्द पाहत नाही. कम्युनिस्ट पक्षाला त्या वर्षी महाराष्ट्रात दोनच जागा मिळाल्या: गिरणगावच्या बळावर मुंबईत श्रीपाद अमृत डांगे, आणि इकडे गिरणीचे भोंगे नसलेल्या बीडमध्ये नाना. गणिताने बेरीज झाली असेल, पण बेरजेचे चिन्ह कुणाच्या तरी तोंडावळ्यावर कोरावे लागते. नाना १९५५ मध्ये अखिल भारतीय किसान सभेचे अध्यक्ष होते, म्हणजे शेतकऱ्याचा पुढारी म्हणून ते जिल्ह्याबाहेर माहीत होते. शिवाय मुक्तिलढ्याच्या वेळी प्रतिसरकारच्या माणसांनी, विशेषतः नागनाथअण्णांनी, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांना हत्यारे पुरवली होती. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या भूमिगतांचे नाते निवडणुकीपेक्षा जुने होते.

मग खासदार झाल्यावर काय झाले? इथे चरित्राने डोळे मिटू नयेत. न्यायदान मंडळात नाना एका रात्रीत जमीन परत देववू शकत होते. दिल्लीत ते प्रश्न विचारू शकत होते, भाषण करू शकत होते, आणि मराठी बोलण्याचा आग्रह धरू शकत होते. विरोधी बाकावरचा, लहान पक्षाचा, इंग्रजी न येणारा सभासद त्या सभेत किती वजन टाकू शकतो? बीडच्या कुळाला १९६७ आणि १९७० मधला फरक आपल्या उताऱ्यात दिसला असेल असे मला वाटत नाही. १९७१ला जिल्हा पुन्हा काँग्रेसकडे गेला. लोक कृतघ्न होते असे म्हणणे सोपे आहे, पण मला ते अन्यायाचे वाटते. लोकांनी ज्या गुणासाठी त्यांना पाठवले होते त्या गुणाला लोकसभेत जागाच नव्हती. सुलिव्हनसारखा माणूस वकिलीतून कायदेमंडळात जातो तेव्हा तो एका घरातून दुसऱ्या घरात जातो, सामान तेच, भाषा तीच. नाना चावडीतून लोकसभेत गेले तेव्हा सामान बाहेर ठेवून आत गेले.

याच सुमारास माणसांची आणि बैलांची वाहतूक उलट दिशेने सुरू झाली होती. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने उभे राहत होते आणि बीडच्या कोरडवाहू तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या तिकडे निघत होत्या. मुकादमाची उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता, दिवाळीच्या सुमाराला पाल घेऊन निघायचे ते उन्हाळ्यात परतायचे. गाडीच्या बैलांना आधी पत्री मारून घ्यावी लागते, कारण डांबरी सडकेवर उघडा खूर आठवडाभर टिकत नाही. वाळव्यात नागनाथअण्णांनी पुढे जो कारखाना काढला त्याला प्रतिसरकारचे हुतात्मा किसन अहिर यांचे नाव आहे. म्हणजे ज्या मुलखाने सावकाराचा कागद मोडून काढला, त्याच मुलखात बीडची माणसे उचलीच्या कागदाला बांधून जाऊ लागली. हा आरोप त्या कारखान्यांवर नाही, त्यांनी आपल्या शेतकऱ्याचे भले केलेच. पण उचल फिटली की नाही, कोयत्याचा हिशोब मुकादमाने बरोबर धरला की नाही, हा वाद ज्या सतरंजीवर मिटावा तशी सतरंजी त्या फडात कुणी अंथरली नाही. नानांच्या कामातला बीडच्या दृष्टीने सर्वांत उपयोगाचा भाग तेवढा बीडपर्यंत पोचला नाही.

शेवटचा भाग चरित्रकाराला अवघड जाईल, आणि तो टाळला जाऊ नये. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागण्यासाठी नागरिकाला न्यायालयात येता येणार नाही. नानांचा कम्युनिस्ट पक्ष आणीबाणीच्या बाजूने होता. सरकारचे कोर्ट गरिबाच्या आवाक्याबाहेर दिसले तेव्हा ज्याने गावात दुसरे उघडले, त्याच्या आयुष्याचे शेवटचे वर्ष हे असे गेले. ६ डिसेंबर १९७६ ला ते वारले, अंत्यविधी त्यांच्या इच्छेप्रमाणे वाळव्यात झाला. तीन महिन्यांनी, मार्च १९७७ मध्ये, बीडने गंगाधरअप्पा बुरांडे यांना लोकसभेवर पाठवले. तेही लाल निशाणाचे, पण मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे. त्या पक्षाने आणीबाणीला विरोध केला होता.